सर्पदंशावर चार देशांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण: वेळ, क्रेडिट आणि मजकूर कसा बसवायचा?

वारणाकाठ (शिराळा, जि. सांगली)

नमस्कार. श्रावणाच्या आधी सर्पदंश उपचारावर सहा आठवड्यांची ऑनलाइन मालिका घ्यायची आहे. दर बुधवारी 75 मिनिटं. त्यात 15 मिनिटं विषय आणि उरलेला वेळ दोन केसवर चर्चा. सांगली-साताऱ्याचे वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), स्टाफ नर्स आहेतच. शिवाय नेपाळ, बांगलादेश आणि केनियातले डॉक्टर-नर्स जोडले जाणार आहेत. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या काही सिस्टरनीही नावं दिली आहेत.

अडलंय ते असं. एकच प्रमाणपत्र सगळ्यांच्या नोंदणी नूतनीकरणाला चालेल का? वेळ रात्री 8 ठेवावी का? आणि आपला प्रोटोकॉल केनियावाल्यांना शिकवून उपयोग काय?

सीएमई_सातारा

क्रेडिटचं, म्हणजे नूतनीकरणासाठी मोजल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाच्या तासांचं, आधी. जगभर चालेल असं क्रेडिट नसतं. नोंदणी जिथली, तिथल्या कौन्सिलचा नियम लागू. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट तास लागतात, म्हणून आपल्या डॉक्टरांसाठी कार्यक्रमाआधीच मान्यतेचा अर्ज करा. झाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला तीन वर्षांत 35 तास लागतात, त्यातले 20 सहभागाचे. म्हणजे इतरांशी चर्चा झालेले. तुमची थेट केस-चर्चा त्या 20 मध्ये धरता येते. एकट्याने बघितलेलं रेकॉर्डिंग फक्त उरलेल्या 15 मध्ये. ऑस्ट्रेलियात नर्सला वर्षाला 20 तास, नोंद तिची तिने ठेवायची.

म्हणून प्रमाणपत्रावर ‘2 क्रेडिट’ असं मोघम छापू नका. तारीख, सुरू-बंद वेळ भारतीय वेळेसह, प्रत्यक्ष हजर मिनिटं, थेट की रेकॉर्डिंग, चर्चेत भाग होता का, चाचणीचे गुण आणि त्या दिवशीची दोन-तीन उद्दिष्टं लिहा. एवढं असलं की ज्याची त्याची कौन्सिल काय ते मोजेल. अमेरिकेतल्या ‘कॅटेगरी 1’ क्रेडिटचं नाव तर अजिबात घालू नका. ते मान्यताप्राप्त संस्थेलाच देता येतं, आणि तिथेही सहभागी माणसाने स्वतः हजर राहिला तेवढ्याच वेळेचं क्रेडिट मागायचं असतं.

कॅज्युअल्टी_मिरज

रात्री 8 नको. पावसाळ्यात दंशाचे रुग्ण संध्याकाळनंतरच वाढतात, केस मांडणाराच ऐनवेळी कॅज्युअल्टीत असेल. दुपारी 2.30 ठेवा. काठमांडूत 2.45, ढाक्यात 3, नैरोबीत दुपारचे 12 आणि लंडनमध्ये जून-जुलैत सकाळचे 10 वाजतात. मालिका ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापलीकडे गेली तर लंडनचं एका तासाने मागे येईल. बाकी तिन्ही ठिकाणी घड्याळ हलवत नाहीत.

आता मजकूर. बत्तीस शिराळ्याच्या माणसाला साप काय सांगायचे, पण इथेच घोळ होतो. आपलं पॉलिव्हॅलंट (एकाहून जास्त सापांवरचं) एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष, चारच सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. नेपाळ-बांगलादेशातही भारतीय एएसव्हीच वापरतात, त्यामुळे नाग-मण्यारचा भाग त्यांना जुळतो. पण त्यांच्याकडच्या हिरव्या पिट व्हायपरवर ते चालत नाही. आपल्या घाटातला चापडाही त्यातलाच, हे महाबळेश्वर-पाटणवाल्यांना मुद्दाम सांगा. केनियातला पफ ॲडर किंवा ब्लॅक मांबा चावला तर भारतीय एएसव्ही निरुपयोगी. त्यांचा साठा वेगळा, मात्रा वेगळी. म्हणून ‘सुरुवातीला 10 व्हायल, तासाभरात’ ही स्लाइड सगळ्यांसमोर सरसकट दाखवू नका. वर ठळक अक्षरांत लिहा: भारतीय पॉलिव्हॅलंट, भारतीय प्रोटोकॉल.

चारही देशांना सारखं काय, त्यावर वेळ घाला. 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी, 2 मिली ताजं शिरेतलं रक्त, 20 मिनिटं हात न लावता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, आणि विष भिनलंय समजून नको त्याला एएसव्ही जातं. मधे कुणी नळी हलवून बघितली तरी निकाल बिघडतो. हे कॅमेऱ्यासमोर करून दाखवा, स्लाइडवर नको. तसंच मण्यार: जखम दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस येतो आणि तासाभरात पापण्या पडायला लागतात. श्वासाला आधार कधी द्यायचा, पुढे कधी पाठवायचं, ही चर्चा नेपाळच्या तराईत आणि वाळव्याच्या उसात एकच आहे.

सापांची नावं मराठीत घेऊ नका. मण्यारीला आपल्यातच काही भागांत कांडर म्हणतात. शास्त्रीय नाव आणि फोटो, दोन्ही द्या.

वॉर्डसिस्टर_कराड

डॉक्टरांनी एएसव्ही सांगितलं, त्याने येणाऱ्या ॲलर्जीच्या रिॲक्शनचं आणि तिच्यावरच्या औषधाचं राहिलं. तिथे एकके जुळवून घ्या. अमेरिकी मजकूर वाचलेला माणूस एपिनेफ्रिन म्हणतो, आपण ॲड्रेनलिन. त्याची तीव्रता आपल्याकडे 1:1000 अशी म्हणायची सवय आहे; अमेरिकेत 2016 पासून लेबलवर ते प्रमाण न छापता मि.ग्रॅ. प्रति मिली छापतात. स्लाइडवर ‘1 मि.ग्रॅ./मिली, प्रौढाला 0.5 मिली स्नायूत’ असंच लिहा, गोंधळाला जागाच राहत नाही. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) दोन्ही एककांत द्या: मि.ग्रॅ./डेलीला 88.4 ने गुणलं की मायक्रोमोल/लिटर. घोणसच्या केसमध्ये मूत्रपिंडाचीच चर्चा होते, तिथे 1.8 ऐकून लंडनची सिस्टर बिचारी गोंधळते.

हजेरीबद्दल: यादीत ‘रेडमी’ आणि ‘सॅमसंग’ अशा नावांचे लोक हमखास हजर असतात. नाव नोंदवतानाच कौन्सिलवर आहे तसं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घ्या, त्यावरूनच लिंक द्या. नेट गेलं की माणूस पुन्हा आत येतो आणि एकाच्या तीन ओळी होतात. त्या मिनिटांची बेरीज करावी लागते. ॲप चालू ठेवून स्वयंपाकघरात जाणारेही असतात, म्हणून मधे दोन-तीन वेळा, वेळ न सांगता, एक प्रश्न टाका.

नेटवर्क_पलूस

व्हिडिओला ताशी जवळपास जीबी जातो, नुसत्या आवाजाला 40 एमबीच्या आत भागतं. स्लाइड आदल्या दिवशी पीडीएफ करून पाठवा, प्रत्येक स्लाइडवर मोठा क्रमांक टाका आणि बोलणाऱ्याने ‘आता स्लाइड 7’ असं म्हणत जावं. मग जत तालुक्यातल्या उपकेंद्रात व्हिडिओ बंद करूनही माणूस सोबत राहतो. होस्ट दोन ठेवा, दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नेटवर. मिरजेत लाइट गेली तर मीटिंग बंद पडायला नको.

वारणाकाठ

आभार. 2.30 पक्कं करतो. चाचणी किती प्रश्नांची ठेवू? आणि केसचे फोटो व्हॉट्सॲपवरून येतात, त्यावर नाव पट्टीने झाकलं की चालेल ना?

सीएमई_सातारा

दहा प्रश्न, आधी आणि नंतर तेच. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी बरोबर सोडवलेला प्रश्न काढून टाका, त्यातून काही कळत नाही. ‘एएसव्हीची मात्रा किती’ विचारण्यापेक्षा ‘20 मिनिटांनी रक्त गोठलं नाही, नळी प्लास्टिकची होती, आता काय कराल’ असं विचारा.

फोटोचं मात्र तसं चालणार नाही. पट्टी ओढली तरी खाली नाव राहतं, पट्टी बाजूला केली की दिसतं. स्लाइडमध्ये कापलेला भागही फाइलमध्ये तसाच असतो. ‘कापलेला भाग हटवा’ हा पर्याय वेगळा वापरावा लागतो. सोपा उपाय म्हणजे पट्टी ओढलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तोच वापरायचा. ईसीजीच्या वरच्या कडेला आणि सोनोग्राफीच्या कोपऱ्यात नाव-तारीख असते, ती बघा. जन्मतारखेऐवजी वय लिहा, गावाऐवजी नुसतं ‘ऊसपट्टा’. छोट्या गावात 34 वर्षांची, उजव्या पायाला घोणस, एवढ्यावरूनही बाई ओळखू येते. रुग्णाची लेखी संमती केस मांडणाऱ्याकडूनच आधी मागवा, आणि संमतीपत्रावर परदेशातले लोकही बघणार असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं.