काल रात्रीचे स्टिकर आणि काकूंचा फोन

सी-२०४ काकू: काल रात्री माझ्या फोनवरून ग्रुपवर ३१ स्टिकर पडले आणि सेक्रेटरींना व्हिडिओ कॉल गेला, त्याबद्दल सगळ्यांची माफी मागते. नातवाचे उद्योग. पण मी बाजूचं बटण दाबून फोन टीपॉयवर ठेवला होता हो. पिनही आहे. मग उघडला कसा त्याने?

सेक्रेटरी: मला वाटलं टाकी ओव्हरफ्लो झाली. उचलला तर नुसतं नाक दिसलं 😄

ए-१०३: पिन पाठ असेल त्याला. आमच्या कन्येला घरातल्या सगळ्यांचे पाठ आहेत.

सी-२०४ काकू: छे, साडेतीन वर्षांचा आहे. आकडे कुठे ओळखतो अजून.

बी-५०१: काकू, स्क्रीन विझणं वेगळं आणि लॉक होणं वेगळं. दार नुसतं ओढून घेतलं, कडी लावलीच नाही, तसं झालंय. हात लावला नाही तर स्क्रीन किती वेळाने विझायची, ते डिस्प्लेमध्ये स्क्रीन टाइमआउटला असतं. विझल्यावर पिन किती वेळाने मागायचा, ते सिक्युरिटीत, स्क्रीन लॉकच्या शेजारच्या दातेरी चाकात. मधे कुणी सेटिंगला हात लावला होता का?

सी-२०४ काकू: भाच्याने, दिवाळीत. चकलीची कृती फोनवर बघत होते, दर अर्ध्या मिनिटाला स्क्रीन काळी. हात पिठाचे. कोपराने टेकवून स्क्रीन जागी व्हायची, पण पिन कोपराने कसा घालणार? त्याला म्हटलं, बाबा रे, काहीतरी कर.

बी-५०१: मग त्याने ती दुसरी वेळ वाढवलेली दिसतेय. बघा बरं किती आहे.

सी-२०४ काकू: सापडलं. ३० मिनिटं.

बी-५०१: म्हणजे स्क्रीन काळी झाली तरी अर्धा तास फोन उघडाच. तिथेच 'पॉवर बटण दाबताच लॉक' असा स्विच असेल, तोही बंद असणार.

सी-२०४ काकू: बंदच आहे. दिवाळीपासून माझा फोन असाच उघडा??

बी-५०१: हो 😬 तो स्विच चालू करा, आणि ३० मिनिटांच्या जागी 'लगेच' ठेवा. स्क्रीन विझायची वेळ मात्र खुशाल १० मिनिटं करा, चकलीला तीच हवी होती. सॅमसंगवाल्यांनी 'सिक्युअर लॉक सेटिंग्ज'मध्ये बघा, तिथे बटणाला साइड की म्हणतात.

ए-१०३: माझ्या आयफोनवर 'लगेच' सोडून दुसरा पर्यायच दिसत नाही.

बी-५०१: फेस आयडीने उघडत असाल तर नाहीच दिसणार. ते बंद केलं की १ मिनिटापासून ४ तासांपर्यंतचे पर्याय येतात. पण कशाला बंद करता, चांगलं चाललंय.

डी-३०२ काका: माझा आयफोन ३० सेकंदांतच विझतो. ऑटो-लॉक बदलायला गेलो तर तो करडा, बोटच लागू देत नाही.

बी-५०१: काका, वर बॅटरी पिवळी दिसते का?

डी-३०२ काका: हो. चार्ज वाचावा म्हणून रोज सकाळी मीच ते चालू करतो.

बी-५०१: तो लो पॉवर मोड. तो असेपर्यंत ३० सेकंदच. दुपारी पेपर वाचताना तेवढा बंद करत जा.

ई-६०२: काकूंच्या फोनमध्ये यूपीआय आहे ना पण?

ए-१०३: यूपीआयचा पिन वेगळा असतो. पैसे नाही जाणार.

बी-५०१: वेगळा असतो, पण यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमेला तोही मागत नाहीत. शिवाय उघड्या फोनवर ओटीपी कुणीही वाचेल. नातवाचं काही नाही हो, फोन भाजीच्या गाडीवर विसरला असता तर?

डी-३०२ काका: अजून एक. हिचा फोन अंगठ्याने उघडतो आणि मधेच एखाद्या दिवशी पिन मागतो. बिघडलाय का?

बी-५०१: नाही. बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच लागतो. आणि अँड्रॉइड असेल तर ७२ तासांत एकदा तरी मागतोच. तुमच्या घरच्या काकूंनी आपला पिन विसरू नये म्हणूनही बरं आहे ते.

सी-२०४ काकू: केलं सगळं. बटण दाबलं, लगेच पिन मागतोय. नातवाने दोनदा खटपट केली, आता आजोबांच्या फोनकडे गेलाय.

बी-५०१: आजोबांच्या फोनला लॉक आहे ना?

सी-२०४ काकू: कसलं. त्यांना झंझट नको असते.

सेक्रेटरी: 🙏 मी फोन सायलेंटवर टाकतो.