सडा विक्रीला निघालाय, खालचा झरा वाचवायचा आहे – माहिती हवी

रानजाई:
नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा तालुक्यात, कासच्या डोंगरावर. पाऊणशे उंबरा. सगळ्या गावाला पाणी एकाच झऱ्याचं. कड्याखाली दगडी टाकं आहे, तिथून पाइपने उताराने टाकीत येतं. मोटर नाही, वीजबिल नाही.

झऱ्याच्या बरोबर डोक्यावर आमच्याच भावकीचा सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार, नऊ एकर. नुसता जांभा आणि गवत. पीक येत नाही म्हणून सगळे त्याला पड समजतात, पण झरा भरतो तो तिथूनच. जांभा भोकाभोकांचा दगड, तो पाऊस पिऊन घेतो. खाली चिकण थर आणि काळा पाषाण लागला की पाणी आडवं सरकतं आणि कड्याला बाहेर पडतं. सातारा शहराला पाणी देणारा कास तलावही याच डोंगरावरचा.

आता माझे थोरले दीर हा सडा विकायला निघालेत. शहरातल्या पार्टीला तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडायचेत. दसऱ्याला इसार ठरलाय. दिरांना मी दोष देत नाही. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज आहे आणि त्या जमिनीने त्यांना आजवर एक पायली नाचणी दिली नाही. पण शेजारच्या डोंगरावर जेसीबीने रस्ते काढले, त्यानंतरच्या पावसात तिथल्या वाडीच्या टाक्यात लाल गढूळ पाणी आलं आणि पुढच्या फेब्रुवारीत ते आटलं. तिथल्या बायका आमच्या टाक्यावर हंडे घेऊन यायच्या. ते दिवस मी पाहिलेत.

लोक म्हणतात कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे, इथे काही होणार नाही. पण ते पठार वनखात्याच्या ताब्यातलं, आमचा सडा सातबाऱ्यावर खाजगी आहे.

गावात घरं वाढू नयेत असं माझं म्हणणं नाही. आमची निम्मी पोरं नवी मुंबईत माथाडीत आहेत, गावात चार पैसे मिळाले तर ती परत येतील. त्यासाठी गावठाणाला लागून खाली जागा आहे. फक्त वरचा सडा मोकळा राहावा. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ग्रामसभेच्या ठरावाने मालकीच्या जमिनीवर काही बंधन आणता येतं का? की खरेदीखतातच लिहून घेता येतं?

खडकपाणी:
ताई, नुसत्या ठरावाने मालकाचा विक्रीचा हक्क अडत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण ठराव कराच. बिनशेतीचा, म्हणजे शेतजमीन बांधकामाला वापरण्याचा, प्रश्न येईल तेव्हा गावाचं म्हणणं आधीपासून कागदावर असलं पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असायला हवी. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या निसर्गाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, सडा आणि झरा दोन्ही चढवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज देऊन झऱ्याचं पाणी नेमकं कुठून येतं ते लेखी मागा. ‘डोंगरातून येतं’ यावर कोणी थांबणार नाही, गट नंबर दाखवला तर थांबेल.

घेणारा शेतकरी आहे का तेही बघा. १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहज घेता येत नाही. आणि तलाठ्याकडे वाजिब-उल-अर्जची चौकशी करा. खाजगी जमिनीतल्या वाटा-पाण्याच्या वहिवाटी त्यात नोंदवण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये आहे. आपल्या भागात फारसं कोणी विचारत नाही.

विटेकर:
मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे बलवडीचं बळीराजा धरण लोकांनी येरळा नदीतली वाळू विकून उभं केलं. पाणी सगळ्यांना सारखं, जमीन नसलेल्यालाही, असं ठरलं म्हणून माणसं त्यात उतरली. तुमच्या झऱ्याचं पाणीही सगळं गाव पितं. मग सड्याची किंमत एकट्या दिरांच्या गळ्यात का? त्यांना कर्जापुरते पैसे मिळाले तर ते थांबतील का, हे कुणी घरात बसून विचारलंय का?

रानजाई:
नाही विचारलं. आज जाऊबाईंशी बोलले. कर्जापुरते मिळाले तर ‘हे’ ऐकतील, म्हणाल्या. आमच्या गावचं मुंबई मंडळ दरवर्षी यात्रेला वर्गणी काढतं, दोन वर्षांची वर्गणी आणि घरटी थोडी भर टाकली तर बरीचशी रक्कम उभी राहते. रविवारी कोपरखैरणेत त्यांची बैठक आहे, मी जातेय. एक सांगा, गावाने पैसे घातले तर जमीन कुणाच्या नावावर घ्यायची? ग्रामपंचायतीच्या, की मंडळाचा ट्रस्ट नोंदवून त्याच्या? ट्रस्टला शेतजमीन घेता येते का? उद्या नवी बॉडी आली आणि तिनेच विकायला काढली तर काय करायचं, हा प्रश्न बैठकीत पहिला येणार आहे. कुणी असं केलेलं असेल तर शनिवारच्या आत सांगा.