मदत हवी आहे: दोन नॅनोट्यूबमधल्या सांध्यातून वीज नीट वाहत नाही

पाषाणची_मुक्ता: सिलिकॉनवरच्या ऑक्साइडवर दोन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) एकमेकींना छेदून पडल्यात, टोकांना इलेक्ट्रोड म्हणून सोनं आहे. रोध ५० मेगाओमच्या खाली येत नाही. शुक्रवारी गाइडना आकडे दाखवायचेत. सांधा पक्का कसा करू? लवकर सांगा.

धातुवेडा: एकभिंती की बहुभिंती? सोन्याखाली काय आहे? पसरवताना द्रावणात एसडीएस (साबणासारखं रसायन) होतं का?

कोथरूडकर: सोनं सोडा, पॅलेडियम लावा. २००३ साली स्टॅनफर्डच्या दाई यांच्या गटाने अर्धवाहक नळ्यांवर तेच केलं. आम्हीही दुसरं काही वापरत नाही.

धातुवेडा: ते इलेक्ट्रोडचं झालं. ती नळी-नळीच्या सांध्याबद्दल विचारतेय.

कोथरूडकर: इलेक्ट्रोडच धड नसेल तर सांध्याला दोष कशाला?

मुक्ता: एकभिंती. खाली टायटॅनियम. हो, एसडीएस.

धातुवेडा: मग धुऊन निर्वातात तापव. साबणाचा थर मध्ये असेल तर नळ्या एकमेकींना टेकतच नाहीत. हवेत तापवू नकोस, जळतील.

शनिवारवाला: मुलगी बारावीला आहे. नॅनोसाठी फिजिक्स घ्यावं की केमिस्ट्री?

कोथरूडकर: फिजिक्स. वेगळा धागा काढा.

रेणू_बावधन: मुक्ता, प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड आहेत ना? आधी एकेक नळी वेगळी मोज. मग एकीच्या एका टोकातून दुसरीच्या एका टोकात प्रवाह सोड आणि उरलेल्या दोन टोकांवर व्होल्टेज बघ. इलेक्ट्रोडचा रोध वगळून निव्वळ सांध्याचा आकडा मिळेल, वरचं भांडणही मिटेल. गेटचं (खालच्या सिलिकॉनला दिलेलं) व्होल्टेज बदलूनही बघ. एक धातुरूप आणि दुसरी अर्धवाहक निघाली तर सांध्यावर शॉटकी अडथळा (धातू आणि अर्धवाहक टेकतात तिथे प्रवाहाला होणारी आडकाठी) असतो, तो नुसत्या तापवण्याने जात नाही. दोन्ही एकाच जातीच्या असतील तर काही लाख ओम ठीकच, २००० सालच्या एका प्रसिद्ध मोजणीत तेवढेच आले होते.

खरंच जोडायचं असेल तर इलिनॉय विद्यापीठातल्या लायडिंग यांच्या गटाची २०१३ची रीत बघ. नळ्यांतून प्रवाह सोडला की सर्वांत जास्त तापतो तो सांधा, कारण रोध तिथेच जास्त. भोवती पॅलेडियमचं संयुग वायुरूपात असलं की ते तिथेच विघटित होतं आणि धातू नेमका सांध्यावर बसतो.

मुक्ता: निर्वात कक्ष मिळायला दोन आठवडे लागतात.

रेणू_बावधन: २०१५ला लायडिंग यांच्याच गटाने धातूच्या संयुगाचं द्रावण नळ्यांवर टाकून, चकती फिरवून पसरवायची रीत दिली, तिला निर्वात लागत नाही. पण शुक्रवारसाठी चार टोकांची मोजणीच कर.

मुक्ता: एका नळीला एकच इलेक्ट्रोड आहे. दुसरा लिथोग्राफीने आज टाकता येईल का बघते.