आईचं अमेरिकेतलं पहिलं मत, तेही टपालाने: पेनसिल्व्हेनियात नेमकं काय करायचं?

प्राजक्ताचा_सडा:

नमस्कार मंडळी. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. माझी आई 76 वर्षांची आहे. 2004 पासून ग्रीन कार्डावर होती, गेल्या वर्षी नागरिक झाली. वय 65 च्या पुढे आणि ग्रीन कार्डाला 20 वर्षं उलटलेली, त्यामुळे तिला इंग्रजीची परीक्षा नव्हती. दुभाष्या घेऊन मुलाखत मराठीत झाली, नागरिकशास्त्राचे प्रश्नही वीसच्या छोट्या यादीतले. शपथ घेऊन घरी येताना गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "आता मतदान कधी गं?" मिरजेला असताना तिने एकही निवडणूक चुकवलेली नाही. बोटावरची शाई आठवडाभर मिरवायची.

आता 3 नोव्हेंबर 2026 ला निवडणूक आहे आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मतदार नोंदणी झाली आहे. केंद्रावर जाणं जमणार नाही, म्हणून टपालाने मत द्यायचं ठरवलंय. मी स्वतः नेहमी केंद्रावर जाते, त्यामुळे मला यातलं काहीच माहीत नाही.

अर्जात ॲबसेंटी आणि मेल-इन असे दोन प्रकार दिसतात, तिने कुठला भरायचा? दुसरं, आई सही देवनागरीत करते. सगळीकडे, ओळखपत्रावरसुद्धा. त्यावरून मत बाद होईल का? मी मतदानाला जाईन तेव्हा तिचं भरलेलं पाकीट बरोबर नेऊन पेटीत टाकलं तर चालेल ना? आणि तिला इंग्रजी जेमतेम वाचता येतं, मी वाचून दाखवलं तर नियमात बसतं का?

नदीकाठ:

ताई, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथेच चांगली माणसं चुकतात. नाही, चालणार नाही. पेनसिल्व्हेनियात ज्याची मतपत्रिका त्यानेच टाकायची. नवऱ्याने बायकोची नेली, मुलीने आईची नेली, तरी ते नियमाबाहेर आहे. अपवाद अपंगत्व असलेल्या मतदाराचा. त्याने एक वेगळा फॉर्म भरून, सही करून, आपल्या वतीने पाकीट नेणारी व्यक्ती नेमायची असते. ऑपरेशननंतर आईंना घराबाहेर पडता येणार नसेल तर हा फॉर्म आत्ताच मागवून ठेवा आणि त्यांच्या बाबतीत तो लागू होतो का हे काऊंटीच्या निवडणूक कार्यालयाला फोन करून विचारा. आईंनी स्वतः पाकीट टपालात टाकलं तर हा प्रश्नच येत नाही.

ॲबसेंटी म्हणजे कारण असलेला मतदार: आजारी, गावाबाहेर, प्रवासात. मेल-इनला कारण लागत नाही. ही सोय 2019 च्या ॲक्ट 77 या कायद्याने आली. दोन्हीच्या मतपत्रिका सारख्याच मोजल्या जातात. आईंसाठी मेल-इन भरा, म्हणजे आजारपणाचा तपशील लिहायला नको. ऑनलाईन अर्ज होतो. राज्याच्या ओळखपत्राचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे लागतात. ईमेल पत्ता जरूर द्या, अर्ज मंजूर झाला, मतपत्रिका निघाली, पोचली, हे सगळं त्यावर कळतं. दरवर्षी मतपत्रिका हवी असेल तर अर्जातल्या वार्षिक यादीच्या चौकटीत खूण करा. मात्र त्या यादीचा अर्जही दर वर्षी नव्याने भरावा लागतो.

अर्ज 27 ऑक्टोबरला संध्याकाळी 5 पर्यंत पोचला पाहिजे. भरलेली मतपत्रिका 3 नोव्हेंबरला रात्री 8 पर्यंत पोचली पाहिजे. पोचली, हा शब्द धरून ठेवा. काही राज्यांत टपालाचा शिक्का वेळेत पडलेला असला तर नंतर आलेलं पाकीटही मोजतात. आपल्याकडे शिक्क्याला काही किंमत नाही. टपाल खातं स्वतःच सांगतं की मुदतीच्या निदान आठवडाभर आधी पाकीट टाका. मी तर दोन आठवडे म्हणेन.

आता जे मला सगळ्यात पोटतिडकीने सांगायचंय ते. टपालात दोन पाकिटं येतात. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालून ते चिकटवायचं. मग ते पाकीट बाहेरच्या पाकिटात घालायचं आणि त्यावरच्या प्रतिज्ञापत्रावर सही नि तारीख. आतलं पाकीट नसेल तर मत मोजत नाहीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये हे स्पष्ट केलं. हेतू चांगला आहे: बाहेरच्या पाकिटावर तुमचं नाव, आतल्यावर काहीच नाही, त्यामुळे पाकिटं वेगळी झाली की कुणाचं मत कुठलं हे कुणालाच कळत नाही. म्हणूनच आतल्या पाकिटावर नाव, सही, कसलीही खूण करायची नाही.

2023 च्या नोव्हेंबरात मी घाईत भरलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो, गोल नीट काळे केले, सही केली, तारीख घातली, वाटेत पेटीत टाकलं. निवडणुकीनंतर चार दिवसांनी टेबल आवरताना जाहिरातींच्या गठ्ठ्याखाली ते आतलं पाकीट सापडलं. कोरं करकरीत, चिकटपट्टीवरचा कागदही न काढलेलं. मी ते हातात घेऊन किती वेळ उभा होतो मला आठवत नाही. त्या वर्षी स्कूल बोर्डाच्या जागा होत्या, मुलीच्या शाळेच्या. त्या मतासाठी मी तीन संध्याकाळी उमेदवारांची माहिती वाचत बसलो होतो.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत आहे. मतपत्रिका आली की टेबल पूर्ण रिकामं करायचं. दोन्ही पाकिटं समोर ठेवायची, मग पेन उघडायचं. एक भरतो, दुसरा फक्त पाकिटं मोजतो.

कोकणकडा:

वरचं सगळं बरोबर आहे. सहीबद्दल मी सांगते, कारण माझ्या सासूबाई मोडीच्या वळणाची सही करतात आणि आम्हालाही हीच धास्ती होती. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये निकाल दिला आहे की केवळ सही जुळत नाही एवढ्यावरून टपाली मत बाद करता येत नाही. सही असणं मात्र सक्तीचं आहे. देवनागरीत केली तरी ती सहीच. तरीही नोंदणीच्या वेळी जशी केली तशीच करायला सांगा. हे वाचणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवा, तिथे पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात.

वाचून दाखवणं चालतं. मतदान हक्क कायद्याचं कलम 208 सांगतं की दृष्टिदोष, अपंगत्व किंवा वाचता-लिहिता न येणं यामुळे मदत लागत असेल तर मतदार आपल्या पसंतीच्या माणसाची मदत घेऊ शकतो. फक्त तो माणूस त्यांना नोकरी देणारा किंवा त्यांच्या युनियनचा नको. मुलगी चालते. पण ताई, वाचताना सगळी नावं एकाच आवाजात वाचा. मी सासूबाईंना पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा एका नावापाशी माझाच आवाज चढला. त्यांनी लगेच वर बघून विचारलं, "हा तुझा का?" मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

अजून दोन गोष्टी. आपल्या आया शिक्का मारण्याच्या पिढीतल्या, त्यांना फुली किंवा बरोबरची खूण करावीशी वाटते. इथे नावाशेजारचा गोल निळ्या किंवा काळ्या शाईने पूर्ण भरायचा. आणि एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय ॲक्ट 77 नेच बंद केली. गव्हर्नर वेगळा, काँग्रेसचा प्रतिनिधी वेगळा, प्रत्येक जागेपुढे स्वतंत्र गोल. कागद उलटून मागची बाजूही बघा.

उंबरठा:

माझे वडीलही आमच्याबरोबर राहतात, पण ते अजून ग्रीन कार्डावर आहेत. गाडी आणि ओळखपत्राच्या कार्यालयात आता मतदार नोंदणी आपोआप होते असं ऐकलं. मग त्यांनाही मतपत्रिका मागवता येईल का?

नदीकाठ:

अजिबात नाही, आणि हे फार गंभीरपणे घ्या. सप्टेंबर 2023 पासून ओळखपत्र काढताना पात्र नागरिकांची नोंदणी आपोआप होते, नको असेल तर तसं सांगावं लागतं. "पात्र" म्हणजे नागरिक. ग्रीन कार्डवाल्याने फेडरल निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे, त्यापायी देशाबाहेर जावं लागू शकतं आणि पुढे नागरिकत्वही अडतं. पडद्यावर नागरिकत्वाचा प्रश्न आला की वडिलांच्या शेजारी उभे राहा आणि उत्तर "नाही" दिलंय हे डोळ्यांनी बघा. चुकून नोंदणीचं कार्ड घरी आलंच तर गप्प बसू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

परतीचा_पाऊस:

जे निवडणुकीच्या वेळी भारतात असतील त्यांच्यासाठी. मी 2024 मध्ये पुण्यात होतो, वडिलांचं आजारपण होतं. परदेशातून मत द्यायला फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन नावाचा फॉर्म असतो, तो दर वर्षी नव्याने भरायचा. वेळेत अर्ज केलेल्यांना मतपत्रिका निवडणुकीच्या 45 दिवस आधी पाठवावी लागते, असा कायदा आहे. मी ईमेलने मागवली होती. पेनड्राईव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, समोर उभं राहून छापून घेतली, फाईल पुसून टाकली, घरी येऊन भरली आणि कुरियरने पाठवली. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका ईमेलने येते, पण भरलेली ईमेलने परत घेत नाहीत. परदेशातल्यांना थोडी सवलत आहे: आदल्या दिवसापर्यंत पाठवलेली मतपत्रिका निवडणुकीनंतर सात दिवसांत पोचली तरी धरतात. मतपत्रिका वेळेत आलीच नाही तर उमेदवाराचं नाव हाताने लिहून पाठवायची एक राखीव फेडरल मतपत्रिका असते, ती उतरवून घ्या.

प्राजक्ताचा_सडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी खरंच आईचं पाकीट पर्समध्ये घालून नेणार होते. आज सकाळी काऊंटीच्या कार्यालयात फोन केला. बाई शांतपणे बोलल्या, पाकीट नेणाऱ्या व्यक्तीचा फॉर्म पाठवते म्हणाल्या. आमच्या काऊंटीत बाहेरच्या पाकिटाला तिकीट लावावं लागतं, हेही कळलं. आई म्हणते ऑपरेशनच्या आधीच भरून टाकू, भूल उतरल्यावर सही वाकडी आली तर काय करायचं.

एकच राहिलं. मतपत्रिका आली, पण ऑपरेशन पुढे ढकललं आणि तिला केंद्रावरच जावंसं वाटलं तर? तिचा जीव खरा तिकडेच आहे.

नदीकाठ:

जाता येतं. मग घरची मतपत्रिका पाठवायची नाही. ती आणि दोन्ही पाकिटं, विशेषतः प्रतिज्ञापत्राचं बाहेरचं, केंद्रावर घेऊन जायची. तिथे ती परत करून, एका कागदावर सही करून त्यांना इतरांसारखं मत देता येईल. घरी विसरलात तर प्रोव्हिजनल मतपत्रिका मिळते, ती नंतर पडताळून मोजतात. टपालाने पाठवलेलं मत पाकिटाच्या चुकीमुळे बाद झाल्याचं आधी कळलं तरीही प्रोव्हिजनल मत देता येतं आणि ते मोजावं लागतं, असा निकाल ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. म्हणून पाकीट पाठवल्यावरही ईमेल आणि मतपत्रिकेची स्थिती दर दोन दिवसांनी बघत राहा. काही काऊंट्या चूक कळवतात आणि दुरुस्त करू देतात, काही नाही.

आणि तारीख घालताना आईंची जन्मतारीख नाही, सही केली त्या दिवसाची. अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. या तारखेवरून बरीच वर्षं कोर्टात खटले चालले आहेत, आपण ती बरोबर घालून मोकळं व्हावं.

प्राजक्ताचा_सडा:

महिना आधी, हे आईला आत्ताच सांगितलं. तिने वर्तमानपत्राच्या कडेला तीनदा लिहून बघितलं.