अनुभव धागा : सणात एकटं पडल्यावर

नवरात्र संपलं की नागपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "मग, दिवाळीत काय?" ज्यांच्याकडे याचं उत्तर नसतं त्यांच्यासाठी हा धागा. 'सकारात्मक राहा', 'छंद जोपासा' हे कृपया नको, ते व्हॉट्सॲपवर पोत्यानं मिळतं. स्वतः काय केलं, काय जमलं, काय फसलं तेवढंच लिहा. सुरुवात मी करते.

हे गेले त्या वर्षी दिवाळी नव्हतीच. रीतीप्रमाणे नणंदेनं, जाऊबाईंनी, शेजारच्यांनी फराळाचे डबे आणून दिले. पहिलं वर्ष दुःखाला मुभा असते, कोणी 'हस' म्हणत नाही. जड गेली ती दुसरी दिवाळी. वर्ष सरलं, म्हणजे लोकांच्या लेखी मी बरी झालेली. डबे बंद, आणि बंगळुरूहून मुलगा म्हणतो, "आई, आता तरी आकाशकंदील लाव." लावला. पण पाडव्याला संध्याकाळी समोरच्या घरातून ओवाळण्याचा आवाज आला आणि मी टीव्ही मोठा केला.

आमच्याच इमारतीत एक काकू एकट्या राहतात. आता पाडव्याला आम्ही दोघी मिळून गोळाभात करतो. एकटीसाठी गोळाभाताचा घाट कोण घालतं? वर फोडणीचं तेल ओतायचं, चिंचेचं सार करायचं. रडू आलं तर येतं, पण जेवण होतं.

खोलीवाला
मी गडचिरोलीकडचा. बर्डीजवळ खोली करून परीक्षेची तयारी करतो. गावाले गेलो का पहिला सवाल, "लागला का रे कुठं?" म्हणून दिवाळीत जातच नाही. मेस बंद, पोट्टे घरी गेलेले, सारी इमारत सुनसान. पयल्या वर्षी नुसता झोपून राहिलो, दिवसाही. आंघोळ नाई, जेवण नाई. मागच्या वर्षी मित्राच्या काकासोबत नेताजी मार्केटात झेंडू विकाले बसलो. पहाटे अंधारात उठा लागे. गिऱ्हाईक भाव पाडते, आपण भांडतो, डोस्क्यात दुसरं काही येतच नाही. चार पैसे भेटले ते वेगळेच. रात्री खोलीवर आलो का मात्र पुन्हा तेच. ते खोटं कशाले सांगू?

मिहान रात्रपाळी
मला नैराश्याचं निदान झालेलं आहे, गोळ्या चालू आहेत. वरचे दोन्ही अनुभव वाचून एक सांगावंसं वाटतं. सणापुरतं उदास वाटणं वेगळं. पण दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसभर मन बसलेलंच असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. झेंडू पुरत नाही, दादा.

माझी दिवाळीची तयारी अशी : धनतेरसच्या आधीच गोळ्या भरून ठेवते, कारण दवाखाने बंद असतात. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं सोडत नाही. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे जातात आणि एकदम बंद केल्या की त्रास होतो. ऑफिसच्या पार्टीत दारूला नाही म्हणते. एका लक्ष्मीपूजनाला मध्यरात्री डोक्यात नको ते विचार यायला लागले तेव्हा 14416 लावला. टेलि-मानस, सरकारी सेवा, 2022 पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. "आत्ता घरात कोण आहे? कोणाला उठवता येईल?" असं विचारलं. बहिणीला उठवलं.

प्रतापनगरचे आजोबा
दोन्ही मुलं अमेरिकेत. लक्ष्मीपूजनाला रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. नातवंडं दिसायची, मग पडदा काळा, आणि आम्ही दोघं अनारशांच्या ताटासमोर. आता मी कॉल नरकचतुर्दशीला पहाटे लावतो. त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. बोलणं झालं की आमच्यापुढे अख्खा दिवस असतो, माणसं येतात-जातात. सौ. म्हणतात, एवढ्याशा बदलानं काय होतं. होतं.

उत्तर नागपूर
आमच्याकडे दिवाळी नाही, पण पोकळी आहेच. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीसाठी मराठवाड्यातून नातलग येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. ते गेले की आई नसल्याचं कळतं. सगळं शहर खरेदीत असतं तेव्हा मी घरात बसून राहायचे. आता पाहुणे निघाले की त्याच संध्याकाळी विहारात जाते, पोरांचा अभ्यास घेते. गणित मला येत नाही, पण पोरांना ते अजून कळलेलं नाही.

नवीन वाचक
आई दिवाळीच्या नावानं रडते. डॉक्टर म्हटलं की "मी काय वेडी आहे?" काय करू?

मिहान रात्रपाळी
माझीही आई हेच म्हणायची, माझ्याबद्दल. 'मानसोपचार' शब्दानं सुरुवात करू नका. झोप लागत नाही, जेवण जात नाही, एवढं सांगून नेहमीच्या डॉक्टरकडे न्या आणि त्यांना आधीच फोन करून कल्पना द्या. त्यांनी चिठ्ठी दिली की बहुतेक आया ऐकतात. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, खर्चाची काळजी असेल तर तिथे. सकाळी लवकर जा, सोबत पाणी आणि काहीतरी खायला ठेवा. रांग असते.