मदत हवी आहे : ॲस्ट्रो व्हॅनचा फोर-व्हील ड्राइव्ह काढून ती फक्त मागच्या चाकांवर चालवायची आहे

नमस्कार,

माझ्याकडे १९९७ सालची शेव्हरोले ॲस्ट्रो व्हॅन आहे. इंजिन ४.३ लिटरचे व्ही-सिक्स, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना कायम ताकद देणारी रचना. बफेलोला राहत होतो तोवर हिवाळ्यातल्या बर्फात या रचनेचा पुरेपूर उपयोग होत असे. परंतु ह्यूस्टनला आल्यापासून तिची गरज उरलेली नाही आणि आता तीच त्रास देऊ लागली आहे. म्हणून गाडी कायमची टू-व्हील करावी असा विचार आहे.

त्रास असा, की स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमध्ये गाडी सावकाश फिरवली की ती अडखळत, धक्के देत वळते आणि टायर रस्त्यावर घासले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. हा फरक सामावून घेण्यासाठी या गाडीच्या बोर्ग-वॉर्नर ४४७२ ट्रान्स्फर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्यात) एक मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी आहे, जो एरवी सुमारे ३५ टक्के ताकद पुढे आणि ६५ टक्के मागे पाठवतो. त्याच्या जोडीला व्हिस्कस कपलिंग असते, म्हणजे दाट सिलिकॉन द्रवात बुडालेल्या चकत्यांचा बंद डबा. पुढच्या-मागच्या वेगात मोठा फरक पडला तरच त्याने दोन्ही बाजू आवळून धरणे अपेक्षित असते. आधीच्या मालकाने पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर लावले होते, त्यामुळे सरळ रस्त्यावरही हे कपलिंग सतत काम करत, तापत राहिले असावे. खात्री करण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, मागच्या चाकांना ठोकळे लावून, पुढचे एक चाक जॅकवर उचलले आणि हबच्या नटवर लांब दांड्याचा पाना लावून जोर दिला. चांगले कपलिंग अशा वेळी सावकाश दाद देते. माझे चाक तसूभरही हलले नाही, म्हणजे कपलिंग जाम झाले आहे.

यावर बहुतेक जण एकच उपाय सांगतात : पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) खोलून बाजूला ठेवा, काम झाले. ज्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो आणि मागच्या चाकांना ताकद थेट जाते, तिथे हे बरोबर आहे. माझ्या गाडीत मात्र शाफ्ट काढला की पुढची बाजू मोकळी होते, डिफरन्शियलची ताकद त्या मोकळ्या बाजूने निसटू पाहते आणि तिला मागे वळवण्याचा सगळा भार एकट्या कपलिंगवर येतो. म्हणजे कपलिंग जितके जाम झालेले, तितका हा जुगाड चांगला चालणार! त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ‘पार्क’मध्ये (गाडी उभी ठेवण्याच्या गिअरमध्ये) गिअरबॉक्सचा फक्त बाहेर येणारा शाफ्ट अडकतो. उद्या कपलिंग ढिले पडले, तर उतारावर पार्कमध्ये ठेवलेली व्हॅन हँडब्रेकशिवाय घरंगळू शकते. घरात दुसरे कोणीही ही गाडी चालवणार असेल, तर हा धोका मला मान्य नाही.

दुसरा मार्ग शास्त्रशुद्ध, पण खर्चिक आहे. ट्रान्स्फर केस पूर्ण काढायची, तर माझ्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आखूड असल्यामुळे टू-व्हील ॲस्ट्रोचा लांब शाफ्टचा गिअरबॉक्स त्याच्या शेपटीच्या हाउसिंगसह बसवावा लागेल आणि त्याला जुळणारा मागचा प्रोपेलर शाफ्टही लागेल. शिवाय वेगाचा सेन्सर सध्या ट्रान्स्फर केसवर आहे, तो गिअरबॉक्सवर येईल. त्याचा सिग्नल संगणकाला मिळाला नाही तर स्पीडोमीटर तर बंद पडेलच, पण गिअरही नीट पडणार नाहीत.

तिसरा पर्याय मला सर्वात आकर्षक वाटतो. १९९९ पासून ॲस्ट्रोमध्ये एनव्ही १३६ ही विद्युत-नियंत्रित ट्रान्स्फर केस आली. तिच्यात मागच्या चाकांना ताकद थेट जाते आणि पुढची बाजू क्लचने गरजेपुरती जोडली जाते. ती बसवून तिचा नियंत्रक जोडलाच नाही, तर पुढची चाके आपोआप ताकदीविना फिरत राहतील आणि पार्कचाही प्रश्न मिटेल.

पुढचा डिफरन्शियल आणि दोन्ही एक्सल मी जागेवरच ठेवणार आहे. एक्सल काढले तरी बाहेरचा जॉइंट हबमध्ये ठेवावाच लागतो, कारण त्याच्या नटनेच बेअरिंग आवळलेले असते. पुढच्या टॉर्शन बारलाही (स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळईलाही) हात लावायचा नाही. इंधनाची बचत हा हेतू नसल्यामुळे पुढचे वजन तसेच राहिले तरी चालेल.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. १९९७ च्या गिअरबॉक्सवर एनव्ही १३६ चे बोल्ट आणि शाफ्टचे दाते जसेच्या तसे जुळतात का, आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो का? वेगाच्या सेन्सरचा प्लग तोच चालतो, की वायरिंग बदलावे लागते? ज्यांनी लांब शाफ्टचा गिअरबॉक्स बसवला आहे, त्यांना मागच्या आधाराची पट्टी हलवावी लागली का? आणि भंगारवाल्याकडून ट्रान्स्फर केस घेताना, ती न उघडता आतली साखळी सैल झाली आहे की नाही हे कसे ओळखावे, हेही कोणी सांगितल्यास खरेदीआधी तेवढे तपासून घेता येईल.