मणिरत्नम यांनी एकच कथा दोन भाषांत एकाच वेळी काढणे योग्य होते का?

महालकर:
मणिरत्नम यांचा पहिला चित्रपट तमिळ नव्हता. १९८३ साली त्यांनी अनिल कपूरला घेऊन कन्नडमध्ये ‘पल्लवी अनुपल्लवी’ केला, पुढच्या वर्षी मोहनलालसह मल्याळममध्ये ‘उणरू’ केला, तमिळमध्ये ते १९८५ मध्ये आले आणि १९८९ चा ‘गीतांजली’ त्यांनी थेट तेलुगूत काढला. चारही वेळा चित्रपट एका भाषेसाठी होता. पुढे २००४ मध्ये ‘युवा’ व ‘आयुध एळुत्तु’ आणि २०१० मध्ये ‘रावण’ व ‘रावणन’ या जोड्या त्यांनी हिंदी व तमिळ अशा दोन भाषांत बरोबरच केल्या. या पद्धतीने त्यांच्या हिंदी चित्रपटांचे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिंदी ‘रावण’मधला बंडखोर नायक बीरा जंगलात राहतो, पण ते जंगल कोणत्या मुलखातले, हे त्याच्या बोलण्यावरून शेवटपर्यंत उमगत नाही. गडचिरोलीचा माणूस आपल्याकडे नागपुरात बर्डीच्या बाजारात येऊन दोन वाक्ये बोलला, तरी तो वडशाकडचा की भामरागडचा, हे जाणत्याला कळते. बीराच्या हिंदीला असे गावच नाही.

धरमपेठकर:
महालकर, आपण दोष चुकीच्या ठिकाणी शोधत आहात. एकाच वेळी दोन भाषांत चित्रपट काढण्याची पद्धत मराठी माणसाला परकी नाही. शांतारामबापूंनी प्रभात फिल्म कंपनीत १९३७ साली ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ असेच केले. १९४१ मध्ये ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ही. हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या त्या कथेत मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले, आणि हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते, तर हिंदीत मजहर खान झाले. नट बदलले, तरी दोन्ही चित्रपट उभे राहिले. ‘रावण’ पडला तो पात्रनिवडीमुळे आणि लेखनामुळे. शिवाय त्याच दिग्दर्शकाच्या ‘युवा’मध्ये लल्लन या पात्राची बिहारी वळणाची हिंदी अस्सल वाटते, आणि तमिळमधली चेन्नई सोडून तिथे कथा कोलकात्यात नेलेली आहे. भाषा बदलताना गावही बदलण्याची जाण त्यांना होती, हेच यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट. दोनदा चित्रीकरण टाळायचे, तर उरते डबिंग. १९९२ चा तमिळ ‘रोजा’ आपण नागपूरकरांनी हिंदीत डब झालेला पाहिला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि चित्रपट आवडूनही मला एक कोडे पडले होते, की ही मुलगी काश्मीरमध्ये इतकी एकाकी का? कारण पुष्कळ वर्षांनी मूळ चित्रपट पाहिल्यावर सापडले. ती फक्त तमिळ जाणते; नवऱ्याचे अपहरण झाले आहे आणि समोरच्या अधिकाऱ्याला तिचा एक शब्दही समजत नाही. सगळेच हिंदीत बोलू लागल्यावर त्या प्रसंगाचा प्राणच जातो. डबिंगपेक्षा दुहेरी चित्रीकरण कितीतरी प्रामाणिक आहे.

इंदोरा चौक:
मी महालकरांच्या बाजूने आहे. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हिंदीत केला, पण त्यासाठी ते नागपुरात आले, इथली पोरे घेतली आणि त्यांच्या तोंडी आपली मराठी वळणाची हिंदी राहू दिली. दुसऱ्या भाषेत जायचे, तर असे एका ठिकाणी मुक्काम ठोकून जावे.

महालकर:
धरमपेठकर, ‘रोजा’बद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ‘युवा’ला मी एकाच मापात मोजायला नको होते. ‘शेजारी’चा दाखला मात्र मला पटत नाही. प्रभातचे नट पुण्यात एकाच आवारात काम करत आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन्ही भाषा येत; तमिळ आणि हिंदी यांच्यात इतकी जवळीक नाही.

काल मी ‘रावण’ आणि ‘रावणन’मधली झुलत्या पुलावरची झुंज लागोपाठ पाहिली. विक्रम दोन्हींत आहे. हिंदीत तो पोलीस अधिकारी आहे आणि तमिळमध्ये बंडखोर वीरा. पूल तोच, झटापट तीच. मला तमिळ येत नाही, तरीही वीरा बोलायला लागला तेव्हा त्याच्या मागे एक अख्खी वस्ती उभी असल्याचे मला ऐकू आले, आणि बीराचा शब्दन् शब्द कळूनही तसे झाले नाही. हे केवळ नटाच्या ताकदीमुळे घडले, असे आपले म्हणणे असेल, तर आपण दोन्ही प्रसंग पुन्हा पाहून सविस्तर लिहावे, ही विनंती.